खोली बदलली, पेटी कुठे?

सध्या आपल्या कॅम्पसवर कुणालाही प्रोजेक्टबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं : "कंटेनरमध्ये टाकलाय!" सेकंड इयरची मुलंसुद्धा सेमिनारमध्ये डॉकर, क्युबरनेटीस हे शब्द चिवड्यातल्या शेंगदाण्यांसारखे पेरतात. पण प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येतो. "कंटेनर बंद पडला तर तुमच्या डेटाचं काय?" याचं उत्तर बहुतेकांचं पाठ असतं : "सर, व्हॉल्यूम लावतो." मग समोरचा माणूस शांतपणे दुसरा चेंडू टाकतो. "आणि ज्या मशीनवर तो व्हॉल्यूम आहे, ते मशीनच बंद पडलं तर?" इथे भल्याभल्यांची विकेट जाते.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी. कॉम्प्युटरवाल्यांनी तर वाचावाच, पण इतर ब्रँचच्या मंडळींनी आणि स्टाफनेही वाचायला हरकत नाही, कारण यात आपल्या मेसच्या खाड्यांचा, म्हणजेच खिशातल्या पैशांचा संबंध येणार आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे इंग्रजी शब्द जागोजागी डोकावतील. तेवढं सांभाळून घ्या!

ट्रेसिंग पेपरवरची चित्रं

फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवतंय? एक पक्की शीट असते. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तुम्ही हवं ते रेखाटता. खालची शीट जशीच्या तशी राहते. वरून बघणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच चित्र दिसतं.

कंटेनर नेमका असाच असतो. खाली इमेजचे थर असतात. त्यांवर काहीच लिहिता येत नाही. कंटेनर सुरू झाला की सगळ्यात वर एक कोरा ट्रेसिंग पेपर अंथरला जातो. प्रोग्रॅमने फाइल लिहिली, बदलली, पुसली, सगळं त्या वरच्या कागदावर. लिनक्समध्ये ओव्हरले नावाची फाइल सिस्टिम हे काम करते. ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. एकाच शीटवर दहा ट्रेसिंग पेपर ठेवून दहा कंटेनर चालवता येतात, म्हणून कंटेनर इतके हलके आणि झटपट.

गंमत इथेच संपते. कंटेनर काढून टाकला की ट्रेसिंग पेपरही कचऱ्यात जातो. नवा कंटेनर पुन्हा कोऱ्या कागदाने सुरू होतो. वेबसाइटची पानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला याचं काहीच दुःख नाही. पण ज्याच्या आत डेटाबेस आहे, त्याच्यासाठी हा स्मृतिभ्रंशच की हो! म्हणून डेटा कंटेनरच्या बाहेर ठेवायचा आणि तो आत जोडायचा. या बाहेरच्या जागेला म्हणायचं व्हॉल्यूम. इंटरव्ह्यूतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथपर्यंत झालं.

तांडेल आणि त्याचा ताफा

डॉकर जगासमोर आलं २०१३ च्या मार्चमध्ये. एका मशीनवर कंटेनर चालवणं त्यामुळे पोरखेळ झालं. पण पन्नास मशीन असतील तर कोणता कंटेनर कुठे चालवायचा, एखादा मेला तर दुसरा कुणी उठवायचा, हे कोण बघणार? त्यासाठी गूगलने २०१४ च्या जूनमध्ये क्युबरनेटीस खुलं केलं आणि २०१५ च्या जुलैमध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. हा ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणात मासेमारीच्या होडीवर हे काम करणाऱ्याला तांडेल म्हणतात. तर क्युबरनेटीस म्हणजे मशीनच्या ताफ्याचा तांडेल.

या ताफ्यातल्या प्रत्येक मशीनला म्हणतात नोड आणि सगळ्या नोडचा मिळून होतो क्लस्टर. एक किंवा अधिक कंटेनर एकत्र बांधलेल्या गाठोड्याला म्हणतात पॉड. तांडेलाचं काम एकच : "अमुक पॉड इतके चालू असले पाहिजेत" असं तुम्ही सांगायचं आणि त्याने ते कुठे ना कुठे चालू ठेवायचे. एक नोड गेला तर पॉड दुसऱ्या नोडवर.

या क्षेत्रात इंग्रजीतून एक उपमा फार फिरते. जुने सर्व्हर म्हणजे पाळीव कुत्री-मांजरं, त्यांना नाव असतं, आजारी पडले तर औषधपाणी होतं. नवे सर्व्हर म्हणजे गुरं, नुसते नंबर, एक गेलं तर दुसरं आणा. आता मला सांगा, ही उपमा आपल्याकडे चालेल का? आपल्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, त्याला पुरणपोळी भरवतात, त्याला नाव असतं! आणि खरं सांगायचं तर डेटा सांभाळणाऱ्या पॉडच्या बाबतीत क्युबरनेटीसलाही शेवटी शेतकऱ्याचंच ऐकावं लागलं. २०१६ मध्ये त्यांनी नाव असलेल्या पॉडसाठी खास सोय केली आणि तिला पेटसेट म्हटलं. त्याच वर्षाअखेर नाव बदलून स्टेटफुलसेट केलं. यात प्रत्येक पॉडला कायमचं नाव मिळतं, शून्य नंबर, एक नंबर, दोन नंबर. आणि प्रत्येकाची स्वतःची पेटी असते. पॉड मरून पुन्हा जन्मला तरी नाव तेच, पेटी तीच.

पेटी म्हणजे काय हे आता बघू.

सगळ्यात घातक चूक : रिकामी पेटी

दरवर्षी जूनमध्ये आपल्या हॉस्टेलच्या खोल्या बदलतात. पाठीवर सॅक टाकून आपण नव्या खोलीत पाच मिनिटांत पोचतो. पण पत्र्याची ट्रंक? ती जुन्या खोलीतच असते. कुणीतरी हातभार लावून आणेपर्यंत ती आपोआप येत नाही.

पॉडचंही तसंच आहे. पॉड हलवायला सेकंद पुरतात. डेटा मात्र जड असतो.

नवशिके काय करतात? नोडच्याच डिस्कवरचा एक फोल्डर पॉडला जोडून देतात. याला होस्टपाथ म्हणतात. एका मशीनवर हे मस्त चालतं. डेमोला टाळ्या पडतात. पण क्लस्टरमध्ये पॉड उद्या दुसऱ्या नोडवर गेला, की तिथेही त्याच नावाचा फोल्डर असतो किंवा नव्याने बनतो आणि तो असतो रिकामा! पोस्टग्रेससारख्या डेटाबेसच्या तयार इमेजना फोल्डर रिकामा दिसला, तर त्या बिचाऱ्या समजतात की हा पहिलाच दिवस आहे. त्या नवा कोरा डेटाबेस तयार करतात आणि कामाला लागतात. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, सगळे दिवे हिरवे. फक्त तुमच्या सहा महिन्यांच्या नोंदी दिसत नाहीत. त्या जुन्या नोडवर सुखरूप असतात, पण हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत नव्या डेटाबेसमध्ये नव्या नोंदी पडायला सुरुवात झालेली असते. आता दोन वह्या झाल्या आणि दोन्ही अर्ध्या.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की प्रोग्रॅम बंद पडणं हे संकट नव्हे. चुकीच्या पेटीवर सुरू होणं हे संकट!

पेटीसाठी अर्ज

मग योग्य पद्धत कोणती? क्युबरनेटीसने यासाठी चक्क हॉस्टेल ऑफिससारखी व्यवस्था केली आहे.

पॉडने पेटी कुठली, कोणत्या कंपनीची हे सांगायचंच नाही. त्याने फक्त अर्ज करायचा. "मला १० जीबी जागा हवी, एका वेळी एकाच नोडवरून वाचता-लिहिता येईल अशी." या अर्जाचं नाव पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, लाडाने पीव्हीसी. प्लंबरच्या पाइपशी याचा काही संबंध नाही बरं का! अर्ज मंजूर झाला की खरी पेटी मिळते. ती पर्सिस्टंट व्हॉल्यूम, म्हणजे पीव्ही. एकदा जोडी जमली की ती पेटी त्या अर्जाच्या नावावर राहते. पॉड मेला तरी अर्ज शिल्लक असतो, पेटीही शिल्लक असते.

पेट्यांचे प्रकार असतात. वेगवान एसएसडीवरची, साध्या डिस्कवरची, तीन प्रती ठेवणारी. या प्रकाराला म्हणतात स्टोअरेज क्लास. अर्जात प्रकार लिहिला की पेटी मागणीनुसार तयार होते, आधी शंभर पेट्या करून ठेवाव्या लागत नाहीत. २०१७ पासून ही सोय पक्की झाली.

आणि पेटी बनवणारे सुतार? ते अनेक आहेत. ॲमेझॉनची डिस्क, गूगलची डिस्क, सेफ, लाँगहॉर्न, आणखी कितीतरी. सुरुवातीला या प्रत्येकाचा कोड क्युबरनेटीसच्या पोटातच कोंबलेला होता. एकाची दुरुस्ती करायची तर सगळ्यांनी पुढच्या आवृत्तीची वाट बघायची. म्हणून सगळ्यांसाठी एक सामायिक करार ठरला, सीएसआय म्हणजे कंटेनर स्टोअरेज इंटरफेस. पेटी बनव, नोडला जोड, पॉडमध्ये माउंट कर, नंतर उलट क्रमाने सोडव, एवढी कामं ज्याला जमतात त्या कुणालाही आता क्युबरनेटीसखाली काम मिळतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये १.१३ या आवृत्तीत हा करार पक्का झाला.

एक बारीक पण कामाची गोष्ट. क्लाउडमध्ये डिस्क बहुधा एकाच झोनपुरती असते. पेटी एका झोनमध्ये बनली आणि तांडेलाने पॉड दुसऱ्या झोनमध्ये पाठवला, तर दोघांची भेटच होत नाही. त्यामुळे आधी पॉडची जागा ठरू दे, मग पेटी बनव, असं स्टोअरेज क्लासमध्ये सांगता येतं. दोन शब्दांची सेटिंग आहे, पण ती नसली तर रात्र जागवते.

किल्ली एकाच्याच हातात

आता मूळ मुद्द्यावर येते. पेटी कुठे आहे यापेक्षा मोठा प्रश्न आहे, किल्ली कुणाकडे?

अर्जात जी "एका वेळी एकाच नोडवरून" अशी अट आपण घातली तिला रीड-राइट-वन्स म्हणतात. लक्षात ठेवा, इथे मोजणी नोडची आहे, पॉडची नाही. एकाच नोडवरचे दोन पॉड तीच पेटी उघडू शकतात. ज्यांना काटेकोरपणे एकच पॉड हवा त्यांच्यासाठी वेगळा प्रकार आहे, तो १.२९ मध्ये, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरमध्ये पक्का झाला. अनेक नोडवरून लिहिता येणाऱ्या पेट्याही असतात, उदाहरणार्थ एनएफएस. फोटो, पीडीएफ अशा फाइलींसाठी त्या छान.

पण डेटाबेसला दोन मालक चालत नाहीत. कारण डेटाबेस डिस्कवरची बरीच पानं स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो. दोन डेटाबेस एकाच फाइलींवर बसले, तर पहिल्याने मेमरीत काय बदललं याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. दोघंही आपापल्या आठवणीनुसार लिहीत सुटतात. एकाच मेसच्या वहीत दोन जणांनी एकमेकांकडे न बघता एकाच पानावर लिहावं, तसं. शेवटी कुणाचीच नोंद वाचता येत नाही.

त्यामुळे क्लस्टरमधल्या स्टोअरेजचा सगळा खटाटोप एका वाक्यात सांगायचा तर, किल्ली दुसऱ्याला देण्याआधी पहिल्याच्या हातून ती सुटली आहे याची खात्री करणे.

गप्प बसलेला नोड : मेला की रुसला?

आणि ही खात्री करणं महाकठीण. नोड दर थोड्या वेळाने तांडेलाला "मी आहे" असं कळवत असतो. हे कळवणं थांबलं की काय समजायचं? मशीन मेलं? की मशीन ठणठणीत आहे, फक्त मधली केबल तुटली? तांडेलाला दोन्हींत फरक दिसत नाही. फोन उचलत नाही म्हणजे मुलगी हॉस्टेलवर नाही, असं घरचे समजतात, तसंच!

म्हणून क्युबरनेटीस घाई करत नाही. साधारण ४० ते ५० सेकंद आवाज आला नाही की नोडवर "तयार नाही" असा शिक्का बसतो. त्यानंतर मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटं थांबून त्यावरचे पॉड हटवण्याचा हुकूम निघतो. साधा पॉड असेल तर त्याची बदली दुसरीकडे लगेच तयार होते, पण त्याची पेटी अजून जुन्या नोडच्या नावावर असते. ती जबरदस्तीने सोडवण्याआधी आणखी ६ मिनिटं वाट बघितली जाते. स्टेटफुलसेटचा पॉड असेल तर बदलीही तयार होत नाही. त्याच नावाचे दोन पॉड एका वेळी असता कामा नयेत, असा नियमच आहे. यादीत जुना पॉड "संपत आहे" असा लटकलेला दिसतो आणि कुणी माणूस येऊन निर्णय देईपर्यंत लटकतच राहतो.

याचा प्रत्यक्ष अनुभव आम्ही घेतला. डिपार्टमेंटने भंगारात काढायला ठेवलेली चार मशीन सरांनी आम्हाला दिली. त्यांवर आम्ही चौघांनी क्युबरनेटीस बसवलं, स्टोअरेजसाठी लाँगहॉर्न घेतलं आणि त्यावर मेसची खाडावही चालवली. गावाला जाताना मोबाइलवरून खाडा लावायचा, महिनाअखेर तेवढे पैसे बिलातून वजा. वहीच्या डेटाबेसची पेटी एक, तिच्या प्रती तीन, तीन वेगळ्या मशीनवर.

एका महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी बिलं काढायचं काम सुरू असतानाच खाडावही बंद! ज्या नोडवर तिचा पॉड होता तो "तयार नाही". पॉड लटकलेला. मेसचे काका बिलांसाठी खोळंबलेले, बाहेर मुलं विचारतायत, आमच्या खाड्यांचं काय? ग्रुपमधला एक जण म्हणाला, "कशाला थांबायचं? फोर्स डिलीट मार, दुसऱ्या मशीनवर उठेल." कमांड टाइप करून झाली होती, फक्त एंटर बाकी होतं. सरांनी विचारलं, "मशीन खरंच बंद आहे, हे कुणी डोळ्यांनी बघितलं?"

आम्ही दोघी लॅबमध्ये गेलो. मशीन चालू होतं! पंखा फिरत होता, डिस्कचा दिवा लुकलुकत होता. फक्त नेटवर्क पोर्टचा दिवा विझलेला. केबल बदलली तरी लागेना. म्हणजे आत आपली खाडावही जिवंत होती, बिलांचा हिशेब करत बसली होती आणि किल्ली तिच्याच हातात होती. वर एंटर दाबलं असतं तर दुसऱ्या मशीनवर दुसरी खाडावही उठली असती आणि आम्हाला बिलांचे दोन संच मिळाले असते, दोन्ही "खरे".

मग आम्ही क्रमाने काम केलं. आधी त्या मशीनची पॉवर काढली, वायर भिंतीतून उपटूनच! मग नोडवर "सेवेतून बाद" असा शिक्का मारला. ही सोय क्युबरनेटीसच्या १.२८ आवृत्तीत, २०२३ च्या ऑगस्टमध्ये पक्की झाली. हा शिक्का म्हणजे माणसाने दिलेला शब्द, की हे मशीन खरोखर बंद आहे. तो मिळाल्याबरोबर जुना पॉड यादीतून गेला, पेटी सुटली, दुसऱ्या नोडला जोडली गेली आणि खाडावही उठली. मुलांचे सगळे खाडे जागच्या जागी. एकट्या पडलेल्या मशीनने मधल्या वेळात जे अर्धवट बिल लिहिलं होतं, ते सोडून दिलं आणि हिशेब पहिल्यापासून चालवला.

जुन्या मशीनला असं आधी बाजूला तोडण्याला फेन्सिंग म्हणतात, कुंपण घालणं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हे काम दुरून पॉवर तोडणारी यंत्रणा करते. आमच्याकडे ते आम्ही केलं.

४३ सेकंद आणि २४ तास

"एवढं काय त्यात, दोन संच झाले तर जुळवून घेऊ," असं वाटतं ना? गिटहबचं उदाहरण बघा. आपण सगळे प्रोजेक्ट जिथे ठेवतो तेच गिटहब. ही गोष्ट क्युबरनेटीसची नाही, पण दुखणं तेच.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचं एक बिघडत चाललेलं उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम सुरू होतं. त्यात तिथल्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला. किती वेळ? फक्त ४३ सेकंद! पण तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने ठरवलं, की पूर्वेचा मुख्य डेटाबेस गेला, आणि मुख्यपद पश्चिम किनाऱ्याला देऊन टाकलं. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे अशा काही नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी पडायला लागल्या होत्या. दोन वह्या! गिटहबने वेगापेक्षा डेटा महत्त्वाचा मानला, काही सेवा मुद्दाम थांबवल्या आणि सगळं रुळावर आणलं. त्याला लागले २४ तास ११ मिनिटं.

४३ सेकंद थांबायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. पण म्हणूनच मला क्युबरनेटीसची ती ५ आणि ६ मिनिटं आता आळशीपणा वाटत नाहीत.

तीनच का?

तीन प्रती कशाला, दोन का नकोत, हा प्रश्न व्हायव्हात विचारला जातो. दोन मशीन एकमेकांशी बोलायची थांबली, तर प्रत्येकाला वाटतं दुसरं मेलं. निकाल देणारं कुणी नाही. तीन असतील तर दोघं एका बाजूला येतात आणि एकटा पडलेला गप्प बसतो. म्हणजे बहुमत हवं. क्लस्टरची स्वतःची स्मरणवही ज्यात असते ते एटसीडी याच तत्त्वावर चालतं. ३ सदस्य असतील तर १ गेलेला चालतो, ५ असतील तर २. आणि २ असतील तर? बहुमतासाठी दोन्ही लागतात, म्हणजे एकही गेलेला चालत नाही. एका मशीनपेक्षा दोन मशीन जास्त नाजूक, आहे की नाही गंमत!

सेफ हे स्टोअरेज सॉफ्टवेअर कॅलिफोर्नियातल्या सँटा क्रूझच्या विद्यापीठात सेज वाइल यांच्या पीएच.डी.च्या कामातून जन्मलं. त्यातही नेहमीची मांडणी ३ प्रतींची आणि किमान २ हजर असल्याशिवाय ते वाचू-लिहू देत नाही. थांबेन पण एकट्या प्रतीवर भरवसा ठेवून लिहिणार नाही, असा त्याचा बाणा.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. १०० जीबी डेटाला ३०० जीबी डिस्क. शिवाय प्रत्येक नोंद नेटवर्कवरून इतर मशीनकडे जाऊन त्यांचा होकार येईपर्यंत डेटाबेस थांबतो. आपल्या लॅबचा १ गिगाबिटचा स्विच सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहून नेणार आणि त्यातच प्रतींची ये-जा. म्हणून जे मोठे डेटाबेस स्वतःच्या प्रती स्वतः सांभाळतात, ते बऱ्याचदा नोडची स्थानिक डिस्कच वापरतात. लोकल व्हॉल्यूम म्हणून क्युबरनेटीसमध्ये त्याचीही रीतसर सोय आहे. होस्टपाथशी तिचं साम्य असलं तरी इथे पेटी कोणत्या नोडवर आहे हे तांडेलाला ठाऊक असतं, त्यामुळे तो पॉडला भलत्याच नोडवर पाठवत नाही.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

तीन प्रती आहेत म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. तीन प्रती मशीन मरण्यापासून वाचवतात, माणसाच्या हातापासून वाचवत नाहीत. चुकून सगळे खाडे पुसले, तर ते तिन्ही प्रतींत एकाच क्षणी, अगदी प्रामाणिकपणे पुसले जातात.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेसचा समजून मुख्य डेटाबेसचाच फोल्डर उडवला. सुमारे ३०० जीबींपैकी थांबवेपर्यंत साडेचार जीबीच उरले. बॅकअप होता ना? रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे फेलच होत होता आणि फेल झाल्याच्या ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, तो कामी आला. सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. गिटलॅबने हे सगळं काहीही न लपवता जगासमोर मांडलं, म्हणून आपण आज शिकू शकतो. हॅट्स ऑफ!

क्युबरनेटीसमध्ये अशीच एक खाच आहे. आपोआप बनलेल्या पेटीचं मूळ धोरण "डिलीट" असतं. म्हणजे अर्ज पुसला की पेटीही आतल्या सामानासकट नष्ट. महत्त्वाच्या डेटासाठी ते बदलून "रिटेन" करून ठेवा. खाडावहीसाठी आम्ही ते पहिल्याच दिवशी केलं. शिवाय रोज रात्री तिचा बॅकअप क्लस्टरच्या बाहेरच्या मशीनवर जातो आणि दर महिन्याला एकदा तो कोऱ्या डेटाबेसमध्ये भरून खाड्यांची संख्या जुळवून बघतो. भरून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

तर, प्रोजेक्ट करणाऱ्यांनो

तुमच्या प्रोजेक्टमध्ये कंटेनर असतील आणि त्यात लोकांचा डेटा असेल, तर सबमिशनच्या आधी स्वतःला हे प्रश्न विचारा. पॉड दुसऱ्या नोडवर गेला तर त्याला तीच पेटी मिळेल की रिकामी? एका वेळी किती जण लिहू शकतात? नोड गप्प झाला तर तो खरंच बंद आहे हे कोण ठरवणार आणि कसं? अर्ज चुकून पुसला तर पेटी राहील का? बॅकअप शेवटचा कधी भरून बघितला?

आणि जमल्यास डेमोच्या आधी एकदा चालू क्लस्टरमधल्या एका मशीनची नेटवर्क केबल काढून बघाच. पॉवर नको, केबल. पॉवर गेली तर काय होईल हे सगळ्यांना सांगता येतं. खरी परीक्षा केबलची असते. पाच मिनिटं काहीच हलणार नाही, ग्रुपमधलं कुणीतरी वैतागेल, कुणाचं तरी बोट एंटरकडे जाईल. त्या वेळी खुर्चीतून उठा, मशीनपाशी जा आणि दिवे बघा. आमच्या चारातली राहिलेली तीन मशीन अजून लॅबच्या कोपऱ्यात चालू आहेत. कुणाला हा प्रयोग करायचा असेल तर सरांना विचारून खुशाल या. फक्त महिनाअखेर सोडून!